सोसायटीतली वीजबचत : नक्की किती झाली, हे कुणी आणि कसं ठरवायचं?

कोथरूडची_सचिव

नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला आमची ४ विंगची, ११ मजली, ११२ फ्लॅटची सोसायटी आहे. मी गेली तीन वर्षं सचिव आहे. बँकेत ३१ वर्षं काढली, त्यामुळे आकडे जुळले नाहीत की मला झोप लागत नाही. आता तसंच झालंय, म्हणून इथे विचारते आहे.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही कॉमन मीटरवरची वीज वाचवण्यासाठी एका कंत्राटदाराला काम दिलं. स्टिल्ट पार्किंग आणि आवारातल्या १८० ट्यूब काढून एलईडी बसवायच्या, पार्किंगला सेन्सर लावायचे, पाण्याचा पंप बदलायचा आणि त्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) जोडायचा. सोसायटीने एक रुपयाही आधी द्यायचा नाही. जी बचत होईल तिच्यातला ६० टक्के वाटा चार वर्षं त्यांना, ४० टक्के आम्हाला. सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजल्या. करारात बचतीची व्याख्या एका ओळीची आहे : ‘मागील वर्षाच्या सरासरी मासिक बिलाच्या तुलनेत झालेली घट.’ ती ओळ मीच टाइप केली होती.

वर्ष संपलं. कंत्राटदाराचा कागद आला : महिन्याला ४,४९० युनिट वाचले, त्याचे साठ टक्के द्या. खजिनदारांनी बिलं काढली, तर २०२२ मध्ये महिन्याला सरासरी ८,२०० युनिट आणि २०२३ मध्ये ७,६४०. म्हणजे बचत फक्त ५६०. त्यातच एप्रिलमध्ये दर वाढले, त्यामुळे रुपयांत बिल कमी होण्याऐवजी थोडं वाढलंच. कमिटीतले निम्मे लोक म्हणतात, एक पैसा देऊ नका, फसवणूक आहे. कंत्राटदार म्हणतो, ट्यूब तुमच्या डोळ्यांसमोर बदलल्या, मग बचत नाही कशी?

मला दोघांचंही पटत नाही. पार्किंगमध्ये दिवे बदललेत हे दिसतंय. मध्यंतरी ७ सभासदांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, त्यांचे चार्जर कॉमन मीटरवर आहेत (सबमीटर लावून पैसे वसूल करतो). उन्हाळ्यात पाणीकपात होती तेव्हा बोअर बराच चालला. सेन्सर तर महिन्याभरातच काढून टाकावे लागले, कारण रात्री उशिरा परतणाऱ्या मुलींना अंधारात गाडी लावायची भीती वाटायची.

याची काही ठरलेली पद्धत असते का? बँकेत कर्ज देताना कागदांची एक यादी असायची. तिच्याबाहेर कुणी जात नसे, मॅनेजर बदलला तरी यादी तीच. इमारतीची वीज वाचवण्याच्या कामाला अशी यादी आहे का कुठे?

---

ऑडिटर_नाशिक

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक सोसायट्या भांडण कोर्टात गेल्यावर विचारतात. मी ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा दिलेला एनर्जी ऑडिटर आहे, बारा-तेरा वर्षं हेच काम करतो.

पद्धत आहे. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते ती आयपीएमव्हीपी (इंटरनॅशनल परफॉर्मन्स मेजरमेंट अँड व्हेरिफिकेशन प्रोटोकॉल) नावाची. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या पुढाकाराने सुरू झाली. तिचा गाभा इतका साधा आहे की आपल्या प्रत्येक सोसायटीला समजावा : वाचलेली वीज मीटरवर दिसत नसते. जी जळली तीच मीटरला दिसते. काम झालं नसतं तर किती जळली असती, हे आधी काढावं लागतं. त्यातून प्रत्यक्ष जळलेली वजा केली की बचत. म्हणजे सगळी गंमत त्या ‘झालं नसतं तर’ मध्ये आहे. तेच तुमच्या करारात लिहिलेलं नाही.

मोजायचे चार मार्ग त्यात दिलेत, ए, बी, सी, डी. तुमच्या कामाचे दोनच. ‘ए’ म्हणजे बदललेली वस्तूच वेगळी काढून मोजायची : जुनी ट्यूब किती वॉट खात होती, नवी किती खाते हे प्रत्यक्ष मोजा, किती तास चालते ते नोंदींवरून ठरवून मान्य करा. ‘सी’ म्हणजे पूर्ण इमारतीचं बिल घ्या, पण ज्या गोष्टी मध्ये बदलल्या त्यांचा हिशोब लावून. (‘बी’ मध्ये तासही मीटरनेच मोजतात. ‘डी’ मध्ये संगणकावर इमारतीचं मॉडेल करतात. ते मोठ्या ऑफिसांसाठी.) ‘सी’ वापरायचा तर बचत एकूण वापराच्या १० टक्क्यांहून जास्त असावी असा ढोबळ नियम आहे. नाहीतर ती महिन्याच्या चढउतारात हरवते.

आता तुमच्या कंत्राटदाराने काय केलंय ते मला इथे बसून दिसतंय. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॉट, नवी २० वॉट, फरक ३०. १८० ट्यूब गुणिले ३० वॉट गुणिले ७२० तास, म्हणजे ३,८८८ युनिट. उरलेले सहाशे पंपाच्या नावावर. खरं आहे का बघा. आणि मला सांगा, पार्किंगचे दिवे तुमच्याकडे चोवीस तास चालतात का?

पंपाबद्दल एक गोष्ट ताबडतोब सांगतो, कारण याच्यावर लोकांचे फार पैसे जातात. गच्चीवरची टाकी भरणाऱ्या पंपाला व्हीएफडी लावून बचत जवळजवळ होतच नाही. पाणी ३६ मीटर चढवायचं तर ३६ मीटरच चढवायचं, वेग कमी केला म्हणून गच्ची खाली येत नाही. पंप हळू फिरला की पाणी कमी येतं, टाकी भरायला जास्त वेळ लागतो. वेग फारच उतरवला तर पाणी वर पोहोचतच नाही, पंप आतल्या आत घुसळत बसतो. वेग अर्धा केला की वीज आठवा भाग लागते, हे गणित एसीच्या थंड पाण्याच्या पाइपलाइनसारख्या बंद वर्तुळात लागू पडतं. तुमच्याकडे बचत असलीच तर ती नव्या पंपाच्या चांगल्या कार्यक्षमतेची.

जुना पंप भंगारात दिलात का?

---

कोथरूडची_सचिव

साहेब, हिशोब तुम्ही म्हणता तोच आहे : ३,८८८ अधिक ६००, आणि बेरीज गोल करून ४,४९०. कागदावर तास लिहिलेलेच नव्हते, फक्त उत्तर होतं.

दिवे टायमरवर आहेत, संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसहा. आधीही असेच होते. म्हणजे बारा तास.

जुना पंप आहे! स्टँडबाय म्हणून पंपघरात जोडलेलाच ठेवलाय. आणि स्टोअररूममध्ये जुन्या ट्यूबच्या ६ पट्ट्या चोकसकट सापडल्या.

अजून एक. आमच्या इलेक्ट्रिशियनच्या तक्रारवहीत डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात ‘पार्किंग, २२ ट्यूब बंद, नवीन लागणार म्हणून बदलल्या नाहीत’ अशी नोंद आहे. माझ्याच सहीची. तेव्हा वाटलं होतं, कशाला उगाच खर्च करायचा. याचा काही संबंध येतो का?

---

निवृत्त_उपअभियंता

वीज वितरणात ३४ वर्षं काढली, म्हणून बिलाबद्दल दोन गोष्टी सांगतो. ऑडिटरसाहेबांच्या क्षेत्रात पडत नाही.

बिलावरचे ‘एकूण युनिट’ सरळ घेऊ नका. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग कोणत्या तारखांना घेतलंय ते बघा. एक बिल २८ दिवसांचं असतं, दुसरं ३३ दिवसांचं. बेसलाइन (म्हणजे तुलनेसाठी धरायचा कामाआधीचा वापर) नेहमी दिवसागणिक युनिटमध्ये काढा. दुसरं, एखाद्या महिन्यात रीडिंग झालं नसेल, मीटरवर ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा पडला असेल, तर ते बिल सरासरीचं असतं आणि पुढच्या बिलात फरक निघतो. असं बिल बेसलाइनच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात पडलं की एका वर्षाची वीज दुसऱ्या वर्षात जाते. म्हणून २०२२ च्या पहिल्या खऱ्या रीडिंगपासून शेवटच्या खऱ्या रीडिंगपर्यंत फरक काढा आणि दिवसांनी भागा.

तुमचा मीटर सीटीवरचा (करंट ट्रान्सफॉर्मर लावलेला) असणार, म्हणून गुणक, म्हणजे रीडिंगला ज्या आकड्याने गुणायचं तो, तपासा. आणि मुख्य मीटरपेक्षा सबमीटरमध्येच घोळ जास्त सापडतात. चार्जरचे सबमीटर कुणी बसवले, गुणक काय टाकला, हे एकदा क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचं उपकरण) लावून पडताळून घ्या. मी एका ठिकाणी पाहिलंय, दहापट कमी युनिट दाखवणारा सबमीटर दीड वर्ष चालू होता आणि पंपाची ‘बचत’ म्हणून त्याचं कौतुक होत होतं.

आणि रुपये विसरा. दर वाढले ही कंत्राटदाराची चूक नाही, उद्या कमी झाले तर ती त्याची कर्तबगारी नाही. युनिट मोजा. वाचलेल्या युनिटला कोणता दर लावायचा हे करारात वेगळं लिहा.

---

ऑडिटर_नाशिक

उपअभियंता साहेबांचं शब्दन् शब्द बरोबर.

ताई, त्या २२ ट्यूबचा संबंध येतो, आणि फार येतो. आधी १५८ पेटत होत्या, आता १८० पेटतात. प्रत्यक्ष फरक काढायचा तर जुन्या १५८ × ५० वॉट × ३६० तास = २,८४४ युनिट. नव्या १८० × २० × ३६० = १,२९६. बचत १,५४८. पण कंत्राटदार म्हणू शकतो की पार्किंगमध्ये १८० दिवे असायलाच हवेत, बंद पडलेले तुम्ही बदलले असतेत तर जळलेच असते, म्हणून माझी बचत १,९४४. हा त्याचा मुद्दा खोटा नाही. दोन्हींतलं कोणतं धरायचं हे काम सुरू होण्याआधी ठरवायचं असतं. एकदा जुन्या ट्यूब निघाल्या की ते भांडणच होतं. म्हणून मी कोणत्याही कामाआधी एक संध्याकाळ काढून वही घेऊन पार्किंगमध्ये फिरतो, पेटलेला, बंद, लुकलुकणारा, असं एकेक खांबागणिक लिहितो, आणि सचिव व कंत्राटदार दोघांची त्याच पानावर सही घेतो. त्या एका पानाची किंमत लोकांना नंतर कळते.

आता पंप. उपकरण काही लागत नाही, टेप आणि घड्याळ हवं. एका विंगची गच्चीवरची टाकी घ्या, आतून लांबी-रुंदी मोजा. खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. पाण्याची उंची मोजा, पंप सुरू करा, अर्धा तास चालवा, पुन्हा उंची मोजा. पंपाच्या सबमीटरचं रीडिंग दोन्ही वेळा लिहा. आधी जुन्या पंपाने, मग नव्याने. उत्तर हजार लिटरमागे किती युनिट या मापात काढा. कपात असो, पाहुणे असोत, सोसायटी अर्धी रिकामी असो, हे माप बदलत नाही.

नियम वगैरे विचारलंत म्हणून : आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, व्यावसायिक इमारतींची संहिता २००७ ची, २०१७ मध्ये सुधारलेली. घरांसाठी इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली, तिचा पहिला भाग भिंती, खिडक्या, छप्पर यांचा. पण हे सगळं मुख्यतः नव्या इमारतींकडे बघतं. उभ्या असलेल्या सोसायटीत दुरुस्तीच्या कामाची आखणी कशी करायची आणि बचत कशी सिद्ध करायची, याचा एक साधा, मराठीत छापलेला नमुना मला तरी आजवर कुणाच्या हातात दिसलेला नाही. प्रत्येक कंत्राटदार स्वतःचा कागद आणतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या घोळामुळे चांगलं काम करणाऱ्यांवरचाही विश्वास उडतो.

---

जर्सीतला_सांगलीकर

मी न्यू जर्सीत शाळांच्या इमारतींच्या अशाच कामांत आहे. ताईंनी बँकेच्या यादीची उपमा दिली म्हणून लिहितोय, कारण इथे नेमकी तीच अडचण होती. बँका, गुंतवणूकदार म्हणायचे, प्रत्येक इंजिनिअर वेगळ्या रीतीने बचत दाखवतो, आम्ही तपासायचं कसं? मग एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या संस्थेने ‘इन्व्हेस्टर कॉन्फिडन्स प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांनी मोजायची नवी पद्धत शोधली नाही. आयपीएमव्हीपीसारख्या असलेल्या पद्धती घेतल्या आणि कोणत्या टप्प्यावर कोणता कागद फाइलमध्ये हवाच, ते बांधून दिलं : बेसलाइन, बचतीचं गणित, काम करताना व झाल्यावरची तपासणी, पुढची देखभाल, आणि शेवटी मोजणी. फाइल पूर्ण आहे का हे बघणारा माणूस कंत्राटदाराचा नाही आणि मालकाचाही नाही, तिसराच.

आमच्याकडे घोळ हवामानाचा असतो. एका शाळेत बॉयलर बदलला, पहिल्याच हिवाळ्यात गॅस इतका कमी लागला की मुख्याध्यापिकेने मिठाई वाटली. प्रत्यक्षात तो हिवाळाच मवाळ होता. थंडीचे दिवस ‘डिग्री डे’मध्ये (किती दिवस आणि किती अंश थंडी होती, या मापात) मोजून हिशोब लावला तेव्हा बचत जवळपास निम्म्यावर आली. ती सुद्धा चांगलीच होती, पण मिठाईच्या वेळचा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. तो काढायला मला दोन वर्षं लागली.

आखणीबद्दलही एक : एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये हे काम झालं तेव्हा आधी ६,५१४ खिडक्या त्याच इमारतीत कारखाना थाटून नव्याने जुळवल्या, रेडिएटरमागे उष्णता अडवणारे पत्रे लावले. त्यामुळे थंडाव्याची गरजच घटली आणि जुने चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) काढून मोठे आणण्याऐवजी आहेत तेच सुधारून भागलं. क्रम उलटा असता तर खर्च वाढला असता. सोसायटीतही तसंच आहे. आधी टाकीचं ओव्हरफ्लो आणि पाइपची गळती थांबवा, पंप कोणता घ्यायचा ते त्यानंतर.

---

कोथरूडची_सचिव

मंडळी, केलं सगळं. उशीर झाला, पण कंत्राटदाराला बरोबर घेऊनच करायचं असं ठरवलं होतं. तो आला, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

रविवारी पहाटे साडेपाचला बी विंगच्या गच्चीवर गेलो. टाकी आतून ५ मीटर बाय ४ मीटर. आमचा वॉचमन शिडीवर उभा राहून टेप सोडत होता, मी बॅटरी धरली होती, कंत्राटदाराचा मुलगा खाली पंपघरात रीडिंग घेऊन फोनवर सांगत होता. जुन्या पंपाने अर्ध्या तासात पाणी बरोबर ५० सेंटीमीटर चढलं, म्हणजे १०,००० लिटर, आणि २.६ युनिट. मग टाकीतलं पाणी उतरवून नवा पंप लावला. अर्ध्या तासात तेवढंच पाणी, १.८ युनिट. हजार लिटरमागे ०.२६ आणि ०.१८. आम्हाला रोज सरासरी ६५,००० लिटर वर चढवावं लागतं, म्हणजे महिन्याला १५६ युनिट वाचतात. सहाशे नाहीत. कंत्राटदाराने तिथेच स्वतःच्या मोबाइलवर गुणाकार केला, दोनदा केला, आणि गप्प बसला.

जुन्या ट्यूब चोकसकट मोजल्या : सहापैकी चार ५० वॉट, एक ४९, एक ५१. नव्या २० च्या आसपास. म्हणजे दिव्यांचे १,५४८ आणि पंपाचे १५६, मिळून १,७०४.

मग मी दुसऱ्या बाजूने, बिलावरून आले. उपअभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे खऱ्या रीडिंगवरून काढलं, ८,२०० आणि ७,६४० ला धक्का लागला नाही. चार्जरचे सबमीटर क्लॅम्प लावून तपासले, बरोबर आहेत. त्यांचं वर्षाचं रीडिंग १२,४८०, म्हणजे महिन्याला १,०४०. बोअरचे तास वॉचमनच्या वहीत होते : २०२२ पेक्षा ४८० तास जास्त, पंप साडेचार किलोवॉट, म्हणजे महिन्याला १८०. ही दोन्ही कामं कंत्राटदाराची नव्हेत, म्हणून वजा केली. ७,६४० चे ६,४२० झाले. बचत १,७८०.

वस्तू मोजून १,७०४, बिलावरून १,७८०. ७६ युनिटांचा फरक. मी त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत बसले. एक वर्ष आम्ही ४,४९० आणि ५६० यांच्यात भांडत होतो.

आता त्या २२ ट्यूब. माझं मत असं की नोंद माझ्या सहीची आहे, बंद दिवे बदलायचं काम सोसायटीचं होतं, म्हणून कंत्राटदाराला १,९४४ चा हिशोब मिळावा. खजिनदारांना हे मान्य नाही. साहेब, तुम्ही काय कराल?

---

ऑडिटर_नाशिक

ताई, दोन पद्धती इतक्या जवळ आल्या की मला तुमच्या वॉचमनला भेटावंसं वाटतंय. वही त्याने नीट ठेवली म्हणून हे झालं.

२२ चं मी असं करीन : पहिल्या वर्षाला प्रत्यक्षातलेच १,५४८ धरा, कारण करारात ‘घट’ हा शब्द आहे आणि बंद ट्यूबची वीज जळलीच नव्हती, तर ती घटणार कुठून. पुढच्या तीन वर्षांसाठी नवं परिशिष्ट करा, त्यात १८० ची बेसलाइन मान्य करा. आता सोसायटीला पूर्ण उजेड मिळतोय आणि तो तुम्ही सोडणार नाही. त्याच परिशिष्टात दिव्यांचे तास, हजार लिटरमागचे युनिट, कोणत्या महिन्यात कोण टाकी मोजणार, चार्जर वाढले की त्यांचा सबमीटर लागलाच पाहिजे, आणि वाद झाला तर कोणता बाहेरचा ऑडिटर बघणार, एवढं लिहा. सेन्सर काढले तेही लिहा, तारखेसकट. व्हीएफडीचे पैसे त्याने किमतीत धरले असतील तर तो विषय वेगळा बोला, बचतीत मिसळू नका.

मसुदा झाला की इथे टाका, नावं काढून. मी आणि उपअभियंता साहेब मिळून बघतो. बाकीच्या सोसायट्यांना तोच उचलता येईल.

---

कोथरूडची_सचिव

मान्य. खजिनदारांनाही पटलं. मसुदा अर्धा झालाय, दोन पानांचा. पुढच्या रविवारी ए, सी आणि डी विंगच्या टाक्या मोजतोय, म्हणजे चारही आकडे परिशिष्टात जातील. पहाटे साडेपाच ते साडेसात पाणी बंद राहील, अशी नोटीस आज सगळ्या लिफ्टमध्ये लावली आहे.